कल्याण ग्रामीण नावाचा मुलूख

दहिसर, मोकाशी पाडा, पिंपरी, निघू, वालिवली, नावाळी, वाकळण, बामाली, नारीवली, बाळे, नागाव, भंडार्ली, उत्तरशिव, गोठेघर. शिळफाट्याच्या पलीकडे, पारसिकच्या डोंगररांगेच्या मागे वसलेली ही चौदा गावं. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली तेव्हा ही गावं तिच्या हद्दीत होती. गावकऱ्यांना ती हद्द नको होती. घरपट्टी वाढेल, शेतांवर आरक्षणं पडतील आणि डोंगरापलीकडच्या कचेरीत कोणी दाद घेणार नाही, अशी धास्ती होती. आंदोलनं झाली आणि २००७ साली सरकारने गावं महापालिकेतून वगळली. पुढची दीड दशकं ग्रामपंचायतींनी कारभार हाकला. गोदामं आली, चाळी उठल्या, वस्ती वाढली. ग्रामपंचायतीच्या तिजोरीला ते पेलेना. मग ज्या गावांनी बाहेर पडण्यासाठी रस्ता अडवला होता, त्याच गावांतून आत घ्या अशी मागणी सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत तशी घोषणा केली आणि २०२४ साली चौदा गावं पुन्हा नवी मुंबईकर झाली.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२३ साली ठाणे महापालिकेतल्या दिवा गावाची कचराभूमी बंद झाली. दिवेकरांनी नाकाला रुमाल लावून काढलेली वर्षं एकदाची संपली. पण ठाणे शहराचा कचरा थांबत नव्हता. तो काही काळ भंडार्लीला जाऊ लागला. भंडार्ली तेव्हा ठाणे महापालिकेत नव्हती आणि नवी मुंबईतही नव्हती. गावकरी रस्त्यावर उतरले, ती जागाही पुढे बंद झाली. शहरात नसलेल्या गावाला शहराकडून काय मिळू शकतं, याचा एवढा रोकडा दाखला दुसरीकडे सहसा सापडायचा नाही.

चौदा गावांच्या उत्तरेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना, सत्तावीस गावं आहेत. त्यांची कथा आणखी गुंतागुंतीची. १ ऑक्टोबर १९८३ला कल्याणची महापालिका झाली तेव्हा ही गावं तिच्यात गेली. जुलै २००२ मध्ये वगळली गेली. नंतर नियोजनाचे अधिकार एमएमआरडीएकडे आणि दिवाबत्ती-गटारं ग्रामपंचायतींकडे, असा दुहेरी कारभार चालला. १ जून २०१५ला गावं पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, या गावांची स्वतंत्र नगरपालिका करू, अशी अधिसूचना निघाली. नोव्हेंबरात महापालिकेची निवडणूक झाली. सर्वपक्षीय हक्क संरक्षण संघर्ष समितीने तिच्यावर बहिष्काराची हाक दिली. जून २०२० मध्ये सत्तावीसपैकी अठरा गावं बाहेर काढून त्यांची कल्याण उपनगर नगरपरिषद करायचं ठरलं. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. हद्द बदलण्याआधी महापालिकेशी जो विचारविनिमय कायद्याने करायला हवा, तो झालाच नव्हता, हा मुद्दा त्यात कळीचा ठरला.

आत, बाहेर, आत, अर्धी बाहेर, परत आत. भोपर, काटई, निळजे, घेसर, कोळे, माणगाव, सोनारपाडा, पिसवली, दावडी, द्वारली ही सगळी नावं सरकारी राजपत्रात इतक्या वेळा छापून आली आहेत, की त्या पानांची चळत रचली तर एखाद्या ग्रामपंचायतीचं कपाट भरेल.

आणि दिवा? दिव्याला असा झोका मिळालाच नाही. १ ऑक्टोबर १९८२ला ठाणे महापालिका स्थापन झाली, तिच्यात दिवा, साबे, दातिवली, आगासन, म्हातार्डी, बेतवडे ही गावं गेली ती गेलीच. इथे वादाचा विषय कधी हद्द नव्हता. हद्दीत असून काय मिळालं, हा होता.

तर असा हा मुलूख. तीन महापालिकांत वाटलेला, पण विधानसभेच्या नकाशावर बव्हंशी एकत्र. २००८च्या मतदारसंघ फेररचनेत ‘कल्याण ग्रामीण’ नावाचा मतदारसंघ निघाला आणि २००९ला तिथे पहिली निवडणूक झाली. ठाणे महापालिकेतला दिवा, चौदा गावं, सत्तावीस गावांतला मोठा भाग आणि डोंबिवलीच्या कडेची वस्ती त्यात येते. मतदारसंघाच्या नावात ग्रामीण. आणि निळजे-काटई-खोणीच्या पट्ट्यात वीस-पंचवीस मजली मनोरे. बाहेरून आलेल्या माणसाला हे नाव चुकून राहून गेल्यासारखं वाटतं. पण कारकुनी सोयीसाठी ठेवलेलं हेच नाव या भागाबद्दल बाकीच्या कागदांपेक्षा थोडं जास्त खरं बोलतं, असं पुढची पानं वाचताना जाणवेल.

जिल्ह्याची ओळख करून देण्याची एक जुनी रीत आहे. इंग्रजांनी १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो तेरावा खंड. सीमा, नद्या, पाऊस, पिकं, जाती, व्यापार, देवळं असा त्याचा क्रम. आजही कुठल्याही जिल्ह्याची माहितीपुस्तिका त्याच पायवाटेने जाते. कल्याण ग्रामीणबाबत ही रीत पहिल्याच पायरीला अडखळते, कारण सीमा हे प्रकरण लिहून होईपर्यंत ते शिळं होतं. खुद्द ठाणे जिल्ह्याचंच पाहा. २०११च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून जास्त लोकसंख्या असलेला हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि आठ तालुके गेले. उरलेल्या सात तालुक्यांत सहा महापालिका आहेत. इतक्या महापालिका एका जिल्ह्यात असल्या की मधल्या फटीत सापडलेल्या गावांचं काय होतं, हे कल्याण ग्रामीणमध्ये दिसतं.

म्हणून पुढच्या पानांत सीमेपासून सुरुवात केलेली नाही. इथल्या गावांना जोडणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती बरीच जुनी आहे: आगरी समाज आणि आगरी बोली.

ठाण्याची खाडी, उल्हास नदीचं मुख, पनवेल-उरणचा किनारा ते अलिबागपर्यंतचा खारपट्टा ही आगऱ्यांची भूमी. काम दोन प्रकारचं, भात पिकवणं आणि मीठ पिकवणं. दोन्हींची लढाई एकाच शत्रूशी, भरतीच्या पाण्याशी. फरक इतकाच की मिठागरवाला त्याला मोजून-मापून आत घेतो आणि भातवाला त्याला बाहेर ठेवतो. खाडीकाठी मातीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची, पावसाचं गोडं पाणी क्षार धुऊन नेईपर्यंत वाट पाहायची आणि मग लावणी. बांध एका घराच्या ताकदीचा नव्हे. तो फुटला की अख्ख्या गावाचं शेत खारावतं, म्हणून तो बांधायला आणि राखायला गाव एकत्र लागतं. बुरारता, काळारता या क्षार सोसणाऱ्या जुन्या भातजाती अशाच जमिनीतून टिकून आल्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे याच प्रश्नावर काम करून पनवेल १, २, ३ अशा जाती दिल्या. दिव्याच्या आसपास आज खाजणात भात दिसणं दुर्मीळ झालं आहे. तिवरं आहेत, तिवरांच्या कडेला भराव आहे आणि भरावावर चाळी.

ताटात मात्र खाडी अजून आहे. निवट्या, चिंबोरी, कोळंबी, बोईट आणि मानाचा पाहुणा आला तर जिताडा. जिताड्याचा भाव ऐकून मुंबईच्या माणसाचे डोळे पांढरे होतात. आगरी माणूस त्यावर घासाघीस करतो ती केवळ रीत म्हणून.

आता बोली. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात आगरीची नोंद कोकणातल्या मराठीचा एक प्रकार म्हणून आहे. बोलणाऱ्याच्या कानाला मात्र ती प्रमाण मराठीपासून चांगलीच अंतरावर आहे. शाळा इथे ‘शाला’ होते, पाणी ‘पानी’, घोडा ‘घोरा’. ‘मला’च्या जागी ‘मना’ येतो. हेल निराळा, वाक्य तोडण्याची लकब निराळी. आणि वेग असा की सदाशिव पेठेतल्या मराठी माणसाला पहिली पाच मिनिटं नुसतं हसत मान डोलवावी लागते.

या बोलीशी शाळा आणि कचेरी कशी वागली, हा खरं तर स्वतंत्र पुस्तकाचा विषय. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी बाहेरगावचे, पुस्तक प्रमाण मराठीत. मुलाने ‘पानी’ म्हटलं की वर्ग हसायचा. दोन पिढ्या त्या हशाला घाबरून शिकल्या. डोंबिवलीच्या फलाटावर उतरल्यावर बोली बदलायची आणि गावच्या रिक्षात बसलं की परत आपली, अशी सवय अनेकांच्या अंगवळणी पडली. जनगणनेतही यातली बहुतेक माणसं मातृभाषा मराठी सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण त्यामुळे आगरी किती जण बोलतात, याचा पत्ता सरकारी आकड्यांतून लागत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत चित्र पालटलं. आगरी-कोळी गाण्यांच्या कॅसेटी, मग सीडी, मग मोबाईलवरचे छोटे व्हिडिओ या वाटेने बोली पुन्हा ऐटीत वावरू लागली. ‘दादूस’ म्हणून ओळखले जाणारे गायक संतोष चौधरी २०२१च्या मराठी ‘बिग बॉस’मध्ये गेले, तेव्हा ज्या घरांत आगरी शब्द कधी शिरला नव्हता तिथे तो रोज रात्री पोचला. डोंबिवलीत भरणारा आगरी महोत्सव आता शहराच्या वार्षिक दिनदर्शिकेचा भाग झाला आहे. यात एक गोम आहे. गाण्यातली आणि विनोदातली आगरी जोमात आहे. अर्ज, तक्रार, ठराव, बातमी यांतली आगरी जवळजवळ नाही. करमणुकीपुरती जागा मिळालेली बोली पुढे किती टिकते, याची चिंता बोलीवर प्रेम करणाऱ्यांनी करायला हवी. तूर्त ते सगळे हळदीत नाचत आहेत.

हळदीचा विषय निघालाच आहे तर तो टाळण्यात अर्थ नाही. आगरी लग्नाची हळद म्हटलं की बाहेरच्यांना डीजे, मांडवभर माणसं आणि गळ्यात सोन्याच्या साखळ्या आठवतात. ते सगळं असतं, आणि त्यासाठी काढलेलं कर्जही असतं. पण त्याच मांडवात एका बाजूला पाट मांडून एक म्हातारी बसलेली असते, तिच्याकडे कॅमेऱ्याचं लक्ष क्वचित जातं. ती धवलारीण. लग्नातल्या एकेका विधीला तिचा धवला ठरलेला. मांडव घालताना वेगळा, हळद लावताना वेगळा, नवरा निघताना वेगळा. ती एक ओळ उचलते, शेजारच्या बायका ती झेलतात, आणि विधी त्या गाण्याच्या चालीने पुढे सरकतो. देवांना, पूर्वजांना, गावच्या शिवारातल्या दैवतांना आवतण देण्याचं काम तिचं. कुठल्याही पोथीत न लिहिलेलं हे पौरोहित्य पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बायकांकडून उचललेलं आहे. भटजी आले, पत्रिका छापल्या जाऊ लागल्या, लग्नं हॉलमध्ये गेली, तरी बऱ्याच घरांत धवलारणीला अजून बोलावणं जातं. गाणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत, हे मात्र सगळीकडे ऐकू येतं. हॉल तीन तासांचा असतो. धवला तीन तासांत मावत नाही.

गावदेवीची जत्रा, खिडकाळीच्या खिडकाळेश्वराची महाशिवरात्र, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची पालखी, बैलगाड्यांच्या शर्यती या सगळ्यांवर लिहायचं तर हात थांबणार नाही. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कायमची वाट मोकळी करून दिली, तेव्हा या पट्ट्यात जेवढे फटाके वाजले तेवढे हद्दीच्या कुठल्याच निकालाला वाजले नव्हते.

या समाजाला ‘आंदोलक’ हे विशेषण वर्तमानपत्रं सहज लावतात. त्यामागे इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप झाला. कुळांनी शेतं पडीक ठेवली, लाकडं विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उरण तालुक्यातल्या जासईजवळ झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले; नेते होते दि. बा. पाटील. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं. कल्याण ग्रामीणमधल्या घरांत या दोन्ही गोष्टी पाठ असतात. कारण नातीगोती तिथली. उरणची मुलगी भोपरला, आगासनची मुलगी पनवेलला, असे सोयरिकीचे धागे तीन जिल्ह्यांवरून जातात.

याच मुलखातलं स्वतःचं प्रकरण म्हणजे नेवाळी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ विमानांच्या धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं. भाल, द्वारली, वसार, नेवाळी इथले शेतकरी त्या जमिनी पुन्हा कसू लागले, भात काढू लागले. कागदावर मालकी सरकारचीच राहिली आणि पुढे नौदलाने तिच्यावर हक्क सांगितला. कुंपण पडू लागलं तेव्हा २२ जून २०१७ रोजी शेतकरी रस्त्यावर आले, गाड्या जळाल्या, गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवशी दूरचित्रवाणीवर बातमी पाहणाऱ्या कित्येकांना कल्याणला धावपट्टी होती हेच पहिल्यांदा कळलं. गावात ती हकिकत आजोबांच्या सातबाऱ्यासकट ठाऊक होती.

गाव आणि महापालिका यांच्यातला पेच जगात एकट्या कल्याणने भोगलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तरेला झुलुलँड नावाचा जिल्हा आहे. मुख्यालय उलुंडी, १८७९ साली इंग्रजांनी झुलू राज्याचा शेवटचा मोठा पराभव केला तो याच गावाजवळ. जिल्हा ग्रामीण आहे, बहुतेक सगळे झुलू बोलतात आणि झुलू राजघराण्याचं नोंगोमा त्याच जिल्ह्यात येतं. २००० सालच्या डिसेंबरात त्या देशाने संपूर्ण भूभाग महापालिका आणि नगरपालिकांत वाटून टाकला, एकही गाव बाहेर ठेवलं नाही. आपल्या वाचकाला गांधीजींमुळे परिचित असलेल्या डर्बन शहराच्या महापालिकेतही आसपासची, पारंपरिक गावप्रमुखांच्या अंमलाखालची खेडी आली. त्या खेड्यांची जमीन १९९४ साली स्थापन झालेल्या एका न्यासाच्या ताब्यात आहे, आणि त्या न्यासाचा एकमेव विश्वस्त आहे झुलू राजा. मग घरपट्टी कोणी भरायची, यावर डर्बन महापालिका आणि न्यास यांचं भांडण तिथल्या वरिष्ठ न्यायालयांपर्यंत गेलं. कल्याण-डोंबिवलीच्या मालमत्ता कराच्या सभांना बसलेल्या माणसाला ते सगळं ओळखीचं वाटेल.

दोन मोठे फरक मात्र आहेत. झुलूला तिथल्या राज्यघटनेने राजभाषेचा दर्जा दिला आहे, त्यामुळे कार्यालयात झुलूत बोलणाऱ्याला कोणी हसत नाही. आणि तिथली जमीन सहजासहजी विकता येत नाही. इथे ती विकली गेली.

जमीन विकली कशी गेली, हे समजल्याशिवाय कल्याण ग्रामीण समजत नाही. गुंठ्या-गुंठ्याने गेली. आधी रस्त्याच्या कडेची, मग विहिरीजवळची, मग भावाभावांच्या वाटणीत कोणाच्याच वाट्याला धड न आलेली. मुलीच्या लग्नाला एक तुकडा, घर बांधायला एक, मुलाला टेम्पो घेऊन द्यायला एक. घेणारा मुंबईतून बाहेर फेकला गेलेला, स्वस्त छप्पर शोधणारा. मधे विकासक, त्यातले काही गावचेच. परवानगी कोणाची घ्यायची, हा प्रश्न ज्याचं त्याने आपल्या सोयीने सोडवला. हद्द आज इथे आणि उद्या तिथे असली की प्रत्येक कचेरीला दुसरीकडे बोट दाखवता येतं.

त्याची किंमत दिव्याला लागून असलेल्या शीळ गावाने मोजली. ४ एप्रिल २०१३ रोजी तिथली एक बेकायदा, अजून बांधून पूर्ण न झालेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. खालच्या मजल्यांवर लोक राहायला आले होते, वर मजले चढत होते. दहा वर्षांनंतर डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण न्यायालयात उभं राहिलं: बनावट परवानग्या, त्यांवर मिळवलेले महारेराचे नोंदणी क्रमांक, त्यांवर मिळालेली बँकांची कर्जं आणि शेवटी इमारती पाडण्याचा आदेश. हप्ते भरणारी कुटुंबं त्यांत राहत होती. या दोन घटनांच्या मधल्या दशकात या भागाच्या प्रशासकीय दर्जावर जेवढी चर्चा झाली, तेवढी बांधकाम तपासणाऱ्या माणसांच्या संख्येवर झाली नाही.

दिव्यात आज आगरी माणूस बहुसंख्य नाही. कोकणातून आलेली मंडळी, घाटावरची, उत्तर भारतातली, लालबाग-परळमधून आधी डोंबिवलीला आणि मग इथे सरकलेली, असा सगळा मेळ आहे. दिवा जंक्शनची ओळखही तशीच मिसळलेली. मुख्य मार्गावरच्या लोकल इथून जातात, एक फाटा वसईला जातो, दुसरा पनवेलला. सावंतवाडी आणि रत्नागिरीच्या गाड्याही इथून सुटतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात फलाटावर मखरं, पेट्या, माळव्याच्या पिशव्या आणि झोपलेली पोरं यांच्यामधून वाट काढावी लागते. २ जानेवारी २०१५च्या सकाळी गाड्यांच्या खोळंब्याने संतापलेल्या प्रवाशांनी रूळ अडवले, दगडफेक झाली. डिसेंबर २०१६ पासून जलद लोकल दिव्याला थांबू लागल्या. गर्दी त्याने कमी झाली असं म्हणायला तिथे रोज चढणारा कोणी धजणार नाही.

या नव्या वस्तीचं आणि जुन्या गावांचं नातं वरवर पाहता घरमालक-भाडेकरूचं आहे. खोलात गेलं तर चित्र निराळं दिसतं. चाळीतल्या मालवणी बाईला पाण्याचा हंडा पहिल्यांदा गावातल्या आगरी बाईच्या विहिरीवर मिळालेला असतो. गावच्या कबड्डी संघात चाळीतली पोरं खेळतात. आणि कोकणातून आलेल्याला आगरी ऐकताना जेवढं परकं वाटतं, त्याहून जास्त ओळखीचं वाटतं.

पुढे काय येऊ घातलं आहे, त्याची यादी लांबलचक आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक म्हातार्डी-बेतवड्याच्या शेतांत होत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघालेला तिचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर खाडीखालून, शिळफाट्याला बाहेर पडतो. ऐरोली-काटई मार्ग पारसिकचा डोंगर फोडून येतो आहे. तो झाला की चौदा गावांना ‘डोंगरापलीकडची’ म्हणता येणार नाही. निळजे, घेसर, कोळे, हेदुटणे, भोपर, संदप, उसरघर अशा दहा गावांच्या सुमारे १,०८९ हेक्टर जमिनीवर एमएमआरडीएचं कल्याण विकास केंद्र आखलेलं आहे. आणि कल्याण-तळोजा मेट्रो १२. तिच्या स्थानकांची नावं ओळीने वाचली तर पिसवली, गोळवली, सागाव, सोनारपाडा, मानपाडा, हेदुटणे, कोळेगाव, निळजे अशी सत्तावीस गावांतून चालत येत बाळे, वाकळण करत ती चौदा गावांत शिरते. तीन महापालिकांना जे जमलं नाही ते, म्हणजे दोन्हीकडची गावं एका ओळीत मांडणं, मेट्रोच्या आराखड्याने केलं आहे. स्थानकांच्या पाट्यांवर ही नावं अशीच राहतील का, याबद्दल गावात आत्ताच कुजबुज आहे. स्थानकाला नाव द्यायची वेळ आली की मोठी माणसं आठवतात, हा अनुभव ताजा आहे.

या सगळ्याकडे पाहण्याचे दोन ठराविक सूर आहेत. एक हळहळीचा: शेती गेली, खाडी गेली, बोली गेली. दुसरा टाळ्यांचा: बघा, कुठून कुठे आलो. पुढच्या पानांमध्ये दोन्ही सूर शक्यतो टाळले आहेत. शेती गेली हे खरं. पण चिखलात कंबर मोडून लावणी करणाऱ्या बाईला तिची नात बँकेत नोकरी करते याचं दुःख नाही. रस्ते आले हेही खरं; पण कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी सातला उभं राहून त्याला विकास म्हणायला धीटपणा लागतो. २३ मे २०२४च्या दुपारी सोनारपाडा भागातल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा काचा फुटल्या त्या मनोऱ्यांच्याही आणि गावठाणातल्या घरांच्याही.

मांडणीविषयी दोन शब्द. गावं महापालिकांच्या क्रमाने किंवा प्रभागांच्या क्रमाने लावलेली नाहीत. तो क्रम छपाई होईपर्यंत बदलू शकतो. ती पाण्याच्या क्रमाने लावली आहेत. आधी खाडीकाठची, मग देसाई खाडीच्या दोन्ही तीरांची, मग शीळ रस्त्याची आणि शेवटी डोंगरालगतची. प्रत्येक गावाच्या नोंदीत गावदेवी, तळं किंवा विहीर, शाळा, जुन्या आडनावांची घरं, गेलेली आणि राहिलेली शेतं आणि सध्या पाणी कुठून येतं, एवढ्या गोष्टी आवर्जून दिल्या आहेत. शेवटच्या गोष्टीला इतक्या ठिकाणी एकच उत्तर आलं, की वाचकाला ती छपाईतली पुनरुक्ती वाटण्याची शक्यता आहे: एमआयडीसीची जलवाहिनी आणि टँकर. आगरी बोलीतली वाक्यं जशी ऐकली तशी ठेवली आहेत, ‘पानी’चं ‘पाणी’ केलेलं नाही. पत्ता देताना तालुका आणि जिल्हा लिहिला आहे, महापालिका नाही. गावच्या लग्नपत्रिकांत आजही ‘मु. पो., ता. कल्याण, जि. ठाणे’ असंच छापतात, आणि टपाल पोचतं.

पहिली नोंद म्हातार्डीची आहे. बुलेट ट्रेनच्या कामामुळे तिथलं शिवार महिन्या-महिन्याला बदलतं आहे, म्हणून तिथली भातखाचरं, वाटा आणि बांध यांची माहिती आधी टिपून घेणं भाग होतं.